सुफळ संपूर्ण: पहिली कथा लिहिणाऱ्यांसाठी शेवटाच्या पायऱ्या

श्रावणातल्या सोमवारी आमच्या घरी कहाणी वाचली जायची. मुठीत तांदळाचे चार दाणे धरून बसायचं, 'आटपाट नगर होतं' आलं की गप्प व्हायचं, आणि 'ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' आलं की दाणे वाहायचे. त्या वाक्यातला 'सुफळ' हा शब्द मला कळायला फार वर्षं गेली. लहानपणी वाटायचं, सुफळ म्हणजे सगळं छान झालं. पुढे स्वतः गोष्टी लिहायला लागले, दुसऱ्यांच्या वाचायला लागले, तेव्हा लक्षात आलं की त्यात सुख हा शब्दच नाही. त्यात फळ आहे. संस्कृत नाट्यशास्त्रातही कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. तिथेही शेवटाला फळच म्हटलंय. आंब्याच्या झाडाला आंबा यावा आणि कडुनिंबाला निंबोळी. नव्या लेखकाला शेवट करताना हे एवढं धरून चालता आलं तर पुष्कळ झालं.

आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा नवी माणसं आपापल्या कथा घेऊन येतात आणि मोठ्याने वाचतात. निवृत्त शिक्षिका असतात, बँकेतले असतात, कॉलेजातली मुलं असतात. सुरुवात बहुतेकांची चांगली असते. माणसं डोळ्यांपुढे उभी राहतात, बोलणं खरं वाटतं. आणि शेवटच्या पानावर काहीतरी होतं. नायिका मरते, नाहीतर सासू एकदम सुधारते, नाहीतर नायक झोपेतून जागा होतो. वाचणारा मान वर करून विचारतो, "शेवट जमला का?" हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

दाखवायला एक गोष्ट हवी म्हणून माझीच एक घेते. संगमेश्वरजवळच्या एका गावात वडिलांच्या पश्चात घर आणि थोडी जमीन आहे. कुसुम अठ्ठावन्न वर्षांची, ठाण्याला राहते. धाकटा भाऊ दत्ता गावी राहतो. त्याला घर दुरुस्त करायला कर्ज काढायचंय, म्हणून तो ताईला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावतो. दर मे महिन्यात तो तिला एसटीच्या पार्सलने मागच्या परड्यातल्या आंब्यांची पेटी पाठवतो. बस, एवढीच गोष्ट. हिंदू वारसा कायद्याने महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, तरी दुय्यम निबंधकाच्या कचेरीतल्या बाकांवर अशा कुसुमताया बसलेल्या दिसतात. मी दोनदा पाहिल्यात. गोष्ट तिथूनच सुचली.

पहिली पायरी: गोष्टीचा प्रश्न कागदावर लिहा

शेवट लिहायला बसण्याआधी एका कोऱ्या कागदावर एकच ओळ लिहा: वाचणारा नेमकं कशाची वाट बघतोय? कुसुमच्या गोष्टीत वरवर पाहिलं तर प्रश्न असा, की ती सही करेल का? हा झाला बाहेरचा प्रश्न. त्याच्या खाली दुसरा असतो. सही केल्यावर ती त्या घरची कोण उरेल? ज्या भावाला तिने कडेवर खेळवलं, त्याच्यापुढे ती हक्काने बसते आहे की पाहुणी म्हणून?

दोन्ही प्रश्न लिहून काढा. मनात ठेवू नका, मनात सगळंच स्पष्ट वाटतं. पुष्कळ फसलेले शेवट तपासले तर दिसतं की लेखकाने बाहेरच्या प्रश्नाचं उत्तर दिलंय आणि आतल्याला हात लावलेला नाही. परीक्षेचा निकाल लागला, लग्न ठरलं, कोर्टाचा निर्णय आला, पण माणसाचं काय झालं ते कळलंच नाही. उलटही होतं. शेवटचं पानभर चिंतन असतं आणि मुलगी घरातून गेली की राहिली हेच कळत नाही. वाचणाऱ्याला दोन्ही हवं असतं. त्यातही कथेचा जीव आतल्या प्रश्नात असतो.

आतला प्रश्न लिहिता येत नसेल तर अडचण शेवटात नाही, आधीच्या पानांत आहे. मग शेवटाशी झटत बसू नका. मागे जा आणि आपल्या माणसाला नेमकं काय हवंय, ते शोधा.

दुसरी पायरी: गोड की कडू, हे आधी ठरवू नका

नवी मंडळी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतात. काहींना वाटतं, दुःखी शेवट केला की कथा गंभीर होते, मोठी होते. काहींना वाटतं, लोकांना त्रास आधीच पुष्कळ आहेत, निदान गोष्टीत तरी गोड व्हावं. दोन्ही म्हणण्यांमागे चांगलंच मन असतं. पण दोन्हींत झाड लावण्याआधीच फळ ठरवलेलं आहे.

दुःखाचा शेवट करायचा असेल तर त्याआधी सुखाची खरीखुरी वाट उघडी ठेवावी लागते, हे गडकऱ्यांकडून शिकावं. 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं १९१९ मध्ये, गडकरी त्याच वर्षीच्या जानेवारीत गेल्यानंतर. दारूने सुधाकरचा संसार बुडतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण मध्ये एका टप्प्यावर सुधाकर दारू सोडतो. मनापासून सोडतो. प्रेक्षक सावरून बसतो, वाटतं आता सिंधूचे दिवस फिरले. आणि मग तो पुन्हा घसरतो. तो मधला टप्पा काढून टाकला तर उरतो तो व्यसनावरचा उपदेश. नुसतं उताराला लागलेलं गाडं खाली गेलं तर कुणाला चटका बसत नाही. नाट्यशास्त्रात तिसऱ्या अवस्थेचं नाव प्राप्त्याशा आहे, मिळेल अशी आशा. शोकांतिका लिहिणाऱ्यानेही ती पायरी गाळू नये.

गोड शेवटालाही किंमत मोजावी लागते. कुणीतरी काहीतरी गमावलेलं असावं लागतं. महाभारताचा शेवट बघा. युद्ध पांडवांनी जिंकलं, राज्य मिळालं, पण गोष्ट तिथे थांबत नाही. धर्मराज स्वर्गात पोचतो तर समोर दुर्योधन मानाने बसलेला, आणि आपले भाऊ नरकात. पुढे सगळं मार्गी लागतं, तरी त्या क्षणी धर्मराजाला जो संताप येतो तो वाचणाऱ्याच्या मनातून जात नाही. याला गोड म्हणावं की कडू? मला वाटतं तो त्या गोष्टीला साजेसा आहे, आणि अठरा पर्वांनी तो कमावलेला आहे.

तर या पायरीवर करायचं काय? एका कागदावर दोन रकाने आखा. एकात लिहा, शेवटी या माणसाला काय मिळतं. दुसऱ्यात, काय जातं. एखादा रकाना कोरा राहिला तर थांबा आणि पुन्हा विचार करा. कुसुमने सही केली तर वाटा जातो आणि भावाच्या घराचं दार उघडं राहतं. नाही केली तर वाटा राहतो आणि पुढची भाऊबीज कशी होईल ते सांगता येत नाही. दोन्हीकडे दोन्ही रकाने भरतात, म्हणजे गोष्टीत दम आहे.

तिसरी पायरी: शेवट कुणाच्या हातून होतो ते पाहा

या पायरीवर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण बहुतेक कथा इथे ढासळतात.

सोमवारची खुलभर दुधाची कहाणी तुम्ही ऐकली असेल. राजाच्या मनात येतं, महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. दवंडी पिटते: घरातलं सगळं दूध देवळात आणा. राजाच्या धाकाने लोक वासरांना ठेवत नाहीत, मुलांना देत नाहीत, सगळं दूध देवळात ओततात. गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिने घरचं सगळं आटपलेलं असतं, लेकरांबाळांना खाऊ घातलेलं असतं, सुनांना न्हाऊ घातलेलं असतं, गाईवासरांना चारा घातलेला असतो. उरलेलं खुलभर दूध ती देवाला वाहते, आणि ती परत फिरल्यावर गाभारा भरून जातो. राजाला उमगत नाही. पुढच्या सोमवारीही तेच. तिसऱ्या सोमवारी तो स्वतः पाळत ठेवतो, म्हातारीला धरतो, अभय देतो आणि कारण विचारतो. ती सांगते, तुझ्या आज्ञेने मुलंबाळं आणि वासरं तळमळली, ते देवाला आवडलं नाही. राजा पुन्हा दवंडी पिटवतो: आधी घरच्यांना पाजा, मग उरलेलं देवाला. या वेळी सगळ्यांच्या दुधाने गाभारा भरतो.

ही गोष्ट बायकांनी पिढ्यानपिढ्या तोंडी सांगून घडवली आहे, म्हणून तिच्यात फालतू काही उरलेलं नाही. चमत्कार आहे, पण गोष्ट चमत्कारावर संपत नाही. गाभारा पहिल्यांदा भरतो तेव्हा गोष्ट अर्ध्यावर असते. शेवट होतो तो म्हातारी राजाच्या तोंडावर बोलते तेव्हा, आणि राजा आपली आज्ञा फिरवतो तेव्हा. ज्याने चूक केली त्याच्याच हाताने ती दुरुस्त झाली. आता हीच कहाणी अशी सांगून बघा: तिसऱ्या सोमवारी आकाशवाणी झाली आणि देवाने राजाला कारण सांगितलं. फळ तेच, गाभारा भरलाच. पण म्हातारी कुठे गेली? तिला बोलावंच लागलं नाही, घाबरावं लागलं नाही. गोष्ट तिथल्या तिथे विझते.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रसंगावर बोट ठेवा आणि विचारा: हे कोण करतंय? उत्तर 'योगायोग', 'अपघात', 'आजार', 'लॉटरी', 'अचानक आलेलं पत्र' असं आलं तर तो शेवट बाहेरून आणलेला आहे. योगायोगाने गोष्ट सुरू झालेली चालते. एसटी चुकली आणि दोघं भेटली, इथे कुणाची तक्रार नसते. पण एसटी चुकली म्हणून सगळा गुंता सुटला, असं झालं की वाचणारा मनातून उठून जातो. आपल्या माणसाने काहीतरी करायला हवं. न करणं हेही करणंच असतं. गप्प बसणं, दार न उघडणं, फोन न उचलणं, यांतही शेवट असू शकतो, फक्त ते त्याचं स्वतःचं असलं पाहिजे.

चौथी पायरी: कुठे थांबायचं

रामायण राज्याभिषेकाशी थांबवलं तर मंगल होतं. उत्तरकांडापर्यंत नेलं तर सीता धरणीच्या पोटात जाते. माणसं तीच, घटना त्याच, फक्त थांबण्याची जागा वेगळी.

'गीतरामायण' १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर चाललं, छप्पन्न गीतं झाली. माडगूळकरांनी ते राज्याभिषेकाशी थांबवलं नाही आणि सीतेच्या भूमिप्रवेशापर्यंतही नेलं नाही. पहिल्या गीतात कुश आणि लव रामासमोर गात आहेत. शेवटच्या गीतात वाल्मीकी त्या बाळांना सांगतात, जा, रामापुढे हे रामायण गा. म्हणजे छप्पन्नावं गीत संपतं तिथे पहिलं सुरू होतं. त्याच्या जरा आधी वनात सोडलेल्या सीतेचं गीत येऊन गेलेलं आहे, ते दुःख ऐकणाऱ्याच्या मनात ताजं आहे. बाप ऐकतोय, मुलं गातायत, आणि बापाला अजून माहीत नाही. पुढचं सगळं आपल्याला ठाऊक असतं, म्हणून ते न सांगता आपल्या मनात चालू राहतं. एवढ्या मोठ्या गोष्टीत नेमकी ही जागा सापडणं हे मला आजही थक्क करतं.

तुमच्या कथेसाठी करायचं ते सोपं आहे. शेवट लिहून झाला की शेवटचा परिच्छेद हाताने झाका आणि त्याच्या आधीचं वाक्य वाचा. कथा तिथेच संपली असेल तर खालचं काढून टाका. नंतर त्याच्याही आधीचा परिच्छेद झाकून बघा. माझ्या अनुभवात पहिल्यांदा लिहिणाऱ्यांच्या कथा आपल्या खऱ्या शेवटाच्या पुढे पाऊण पानभर चालत राहतात. लेखकाला भीती वाटते की वाचणाऱ्याला कळलं नसेल, म्हणून तो समजावत राहतो. वाचणाऱ्याला कळलेलं असतं.

पाचवी पायरी: एकाच गोष्टीचे तीन शेवट लिहा

एक शेवट सुचला की तो लगेच पक्का करू नका. निदान तीन लिहा. कुसुमच्या गोष्टीला मी पहिल्यांदा लिहिलेला शेवट असा होता:

"कुसुमने पेन हातात घेतलं. तेवढ्यात दत्ताचे डोळे भरून आले. 'ताई, नको. मला वाटा नको, मला माझी ताई हवी,' तो म्हणाला. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडली. बाहेर पाऊस सुरू झाला होता."

लिहिताना माझेच डोळे भरले होते. दुसऱ्या दिवशी वाचलं आणि दत्ता ओळखीचा वाटेना. आधीच्या सात पानांत तो कर्जाच्या चिंतेने रात्र रात्र जागणारा माणूस आहे, घराची भिंत कलली आहे, बायको मागे लागली आहे. तो असा एका क्षणात कागद कसा टाकून देईल? त्याची गरज मी विसरले होते, म्हणजे त्याच्यावर मी अन्याय केला होता. शिवाय पाऊस. तो तिथे माझ्या बदली रडायला आला होता.

मग दुसरा लिहिला:

"सही करून कुसुम एसटीत बसली. घाटात गाडी दरीत गेली. दुसऱ्या दिवशी दत्ताच्या हातात कागद होता, आणि बहीण नव्हती."

हा वाचून काही जण म्हणाले, चटका बसला. बसतो, नाही कशाला म्हणू. पण त्या चटक्याचा सहीशी काही संबंध नाही. सही केली नसती तरी गाडी दरीत गेलीच असती. गोष्टीने जे विचारलं होतं, ती त्या घरची कोण उरेल, त्याला मी उत्तर द्यायचं टाळलं आणि कुसुमला मारून मोकळी झाले.

तिसऱ्यासाठी मी पुन्हा कचेरीतल्या त्या बाकांची आठवण काढली. तिथे खरं काय घडतं? नाव पुकारतात, कॅमेऱ्यासमोर बसवतात, फोटो काढतात, मग यंत्रावर अंगठा ठेवायला सांगतात. उतारवयातल्या बायकांचा ठसा पुष्कळदा उमटत नाही. ते आठवलं आणि शेवट आला:

"यंत्रावर अंगठा उमटेना. 'मावशी, रेषा झिजल्यात तुमच्या. ओल्या फडक्याने पुसून परत ठेवा,' कारकून म्हणाला. दत्ताने खिशातून रुमाल काढला, पाण्याच्या बाटलीने भिजवला, आणि ताईचा अंगठा आपल्या हातात घेऊन नीट पुसला, नखाच्या कडेपर्यंत, लहानपणी ती त्याचं तोंड पुसायची तसा. कुसुमने अंगठा पुन्हा ठेवला. या वेळी ठसा उमटला."

यात दत्ता वाईट नाही आणि कुसुम बिचारी नाही. भावाची माया खरी आहे, आणि त्याच मायेने तो तिचा हक्क पुसून घेतोय. गोड म्हणाल तर गोड, कडू म्हणाल तर कडू. मला आधी ठरवून हे कधीच सुचलं नसतं. पहिले दोन शेवट टाकून दिल्यामुळे, आणि खऱ्या जागी काय घडतं ते आठवल्यामुळे ते आलं.

त्यातही मी शेवटी एक वाक्य जास्तीचं लिहिलं होतं: "कुसुमला वाटलं, आपलं माहेर आज संपलं." ते वरच्या पायरीप्रमाणे झाकून बघितलं आणि काढून टाकलं.

तुम्हीही तेच करा. अडलात की कल्पनेला ताण देऊ नका. जिथे प्रसंग घडतो त्या जागी जाऊन या, निदान मनाने. तिथली वस्तू बघा, तिथल्या लोकांचं बोलणं ऐका. लोहाराच्या भात्यावर, दळणाच्या रांगेत, दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीवर, सगळीकडे हातांची काही ना काही हालचाल चालू असते. आपला शेवट पुष्कळदा त्या हालचालीत सापडतो.

सहावी पायरी: काही गोष्टी टाळा

स्वप्न होतं असं सांगून सुटका करून घेऊ नका, वाचणाऱ्याने जीव लावलेला असतो. शेवटच्या ओळीत कथेचं नाव पुन्हा आणायचा मोह आवरा. तात्पर्य लिहू नका. निवेदक आधीच मेलेला होता, असा धक्का द्यायचाच असेल तर मागची सगळी पानं त्या दृष्टीने पुन्हा वाचून त्यात खुणा पेरलेल्या आहेत का ते बघा, नसतील तर तो धक्का म्हणजे फसवणूक आहे.

आणि मृत्यू. कथेत माणसं मरतात, आयुष्यातही मरतात. पण लेखकाला पुढे काय लिहावं ते सुचत नाही म्हणून कुणाला मारू नका. मी दरवेळी नव्या मंडळींना एवढंच विचारते: हे माणूस मेलं नसतं तर तुम्हाला कोणता अवघड प्रसंग लिहावा लागला असता? तोच लिहा.

सातवी पायरी: खुला शेवट आणि अर्धवट शेवट

आजकाल 'मी शेवट खुला ठेवलाय' असं फार ऐकू येतं. खुला ठेवावा, जरूर ठेवावा. फक्त पहिल्या पायरीवर लिहिलेले दोन प्रश्न काढून बघा. निदान आतल्या प्रश्नाचं उत्तर वाचणाऱ्याच्या हाती लागलेलं हवं. बाहेरच्याचं एखादवेळेस नसलं तरी चालेल. नवरा परत येईल की नाही हे सांगितलं नाही तरी चालतं, जर ती आता त्याची वाट बघत नाही हे आपल्याला दिसलं असेल. दोन्ही उत्तरं नसतील तर ती कथा खुली नाही, ती अजून लिहून व्हायची आहे.

शेवट बदला, असं कुणी म्हटलं तर

हेही पायरीसारखंच आहे, कारण लिहिणाऱ्याला याला तोंड द्यावं लागतंच. माझी एक कथा एका दिवाळी अंकाने घेतली आणि छापून आली तेव्हा शेवटच्या चार ओळी मला न विचारता बदललेल्या होत्या, विधवा नायिकेचं लग्न ठरलेलं होतं. अंक हातात घेऊन मी बराच वेळ नुसती बसून राहिले. आपलं मूल दुसऱ्याच्या कपड्यांत रस्त्यावर दिसावं तसं वाटलं.

हे मोठ्यांच्याही वाट्याला आलेलं आहे. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये कॉर्डेलिया मरते आणि तिला उचलून आणलेला म्हातारा बापही मरतो. लोकांना ते सोसेना. १६८१ मध्ये नाहम टेट या कवीने नाटकाचा शेवट गोड करून टाकला, कॉर्डेलिया जगते, तिचं एडगरशी जमतं. इंग्रजी रंगभूमीवर पुढची दीडशेहून अधिक वर्षं प्रेक्षकांनी बहुतकरून टेटची आवृत्तीच पाहिली. १८३८ मध्ये मॅक्रेडी या नटाने शेक्सपिअरचं मूळ नाटक परत आणलं. इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' नाटकातल्या नोराने १८७९ मध्ये नवऱ्याला आणि मुलांना सोडून घराचं दार ओढून घेतलं, तर जर्मन रंगभूमीसाठी ती मुलांकडे बघून थांबते असा दुसरा शेवट त्याला स्वतःलाच लिहून द्यावा लागला, दुसऱ्या कुणी वाटेल तसं करू नये म्हणून. त्याला तो आपल्या नाटकावरचा अत्याचार वाटत होता. आज नोरा जातेच.

म्हणून सूचना आली की चिडू नका आणि लगेच मानूही नका. सांगणाऱ्याला नेमकं कुठे खटकलं ते विचारा. पुष्कळदा त्याला शेवट खटकलेला नसतो, शेवटाची तयारी आधी झालेली नाही हे खटकलेलं असतं, फक्त ते त्याला नीट सांगता येत नाही. दत्ता शेवटी असं का वागतो कळलं नाही, असं कुणी म्हणालं तर शेवट तसाच ठेवून तिसऱ्या पानावर दोन ओळी घालाव्या लागतात. मात्र सूचनेचं कारण 'वाचकांना असं आवडत नाही' एवढंच असेल, तर आपले दोन रकाने काढून बघा आणि मग आपल्या मनाचं ऐका. छापायला देताना 'शेवट बदलण्याआधी कृपया कळवावे' अशी ओळ सोबतच्या पत्रात लिहायची सवय लावून घ्या. मी तेव्हापासून लिहिते.

शेवटची पायरी: एका माणसाला वाचून दाखवा

कथा पंधरा दिवस बाजूला ठेवा. मग पहिला परिच्छेद आणि शेवटचा परिच्छेद लागोपाठ मोठ्याने वाचा, मधलं काही न वाचता. दोन्ही एकाच गोष्टीतले वाटतात का? पहिल्यातली एखादी वस्तू, एखादा शब्द शेवटापर्यंत पोचलाय का? मुद्दाम आणू नका, पण आलेला असेल तर त्याला जागा द्या.

आणि मग कुणाला तरी समोर बसवून पूर्ण कथा वाचून दाखवा. लिहिणारा मित्र नको, तो लगेच कथेची बांधणी तपासायला लागतो. घरचं, शेजारचं, गोष्ट ऐकायला आवडणारं माणूस हवं. वाचून झाल्यावर 'कशी वाटली' विचारू नका. गप्प बसा आणि ते पहिलं काय बोलतं ते ऐका. 'मग पुढे काय झालं?' असं काकुळतीने विचारलं तर एखाद्या वेळेस काहीतरी राहून गेलंय. स्वतःच पुढचं सांगायला लागलं तर गोष्ट पोचली.

कुसुमची गोष्ट मी माझ्या एका मावशींना वाचून दाखवली. त्यांनीही तीस वर्षांपूर्वी अशीच सही केलेली आहे, हे मला ठाऊक होतं, त्यामुळे वाचताना माझा आवाज जरा अडखळत होता. अंगठ्याचा ठसा उमटला तिथे मी थांबले. त्या निवडायला घेतलेल्या मेथीकडे बघत राहिल्या.

"मग त्या मे महिन्यात पेटी आली का गं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी दोन काड्या निवडल्या. "आली असेल की. दत्ता पाठवल्याशिवाय राहायचा नाही. पण तिने पहिल्यांदाच विचारलं असेल त्याला, पैसे किती झाले म्हणून."